हजार रुपयांचं रीळ

मासे धरायच्या गळाला रीळ कोणतं घेऊ, हे मला विचारू नकोस बाबा. गळाजवळच्या छोट्या जाळीत आमिषाची पेंड भरून लांब फेकायची, म्हणजे रीळ दणकट हवं, एवढं मलाही कळत होतं. पण हिनं बजावलेलं, "हजाराच्या वर एक रुपया नाही. आणि रविवारी घरात मासा दिसला पाहिजे."

नारायण पेठेतल्या दुकानदाराला म्हटलं, "हजारात बसेल असं दाखवा."

"दाखवतो. पण तुमचं बजेट माशाला सांगितलंय का?"

रविवारी धरणावर पहिलाच मोठा मासा लागला आणि रिळाचे आतले दातेच गेले. हँडल नुसतं गरागरा फिरतंय, दोरी जागची हलत नाही. मासा दोरी तोडून गेला.

येताना दुकानात शिरलो. "हे बदलून द्या."

"अहो, सरळ मासळी बाजारात जा. तिथला मासा ओढत नाही."

काय करणार, गेलो! अख्खा कटला घेतला. कोळणीला म्हटलं, "मावशी, खवलं राहू द्या."

घरी हिनं तो हातात तोलून पाहिला आणि म्हणाली, "बघा! उगाच महागाचं रीळ मागत होतात."