शिदोरीत राहिलेली किल्ली

रुद्रप्पा : …अन् कावेरी, हे सांगितलं तर उभ्या युसूफ वडगावात एक माणूस इस्वास ठेवणार न्हाई. नातीनं बी ठेवू ने.

कावेरी : न्हाई ठेवत. आधी सांगा आज्जा, कॉम्प्युटरवर टॉवेल कावून झाकलाय?

रुद्रप्पा : थकून झोपलाय त्यो. लई झगडा झाला त्याच्या पोटात.

कावेरी : आज्जा! उद्या येळवस, येळ अमावस्या. रानात माणसं जेवायला येणार, अन् मिसळ भाज्यांची भज्जी पहिल्यांदाच माझ्या गळ्यात. आजी तर गेली. तिनं सांगितलेली रीत तेवढी रेकॉर्ड करून ह्यात ठेवलीय.

रुद्रप्पा : तेच की! तिचा आवाज जपावा म्हणून डिस्क सांभाळणारं नवं पॅकेज टाकाय गेलतो. मशीन म्हणलं, ह्याच्यासंगं ड्रॅकट नावाचं दुसरं पॅकेज येणार, पण मशीन उठवणारं जुनं पॅकेज जाणार. चालंल का?

कावेरी : अन् तुमी हो दाबलं!

रुद्रप्पा : मग? दारात आलेल्याला न्हाई म्हणायची रीत हाय का आपल्या घरात?

कावेरी : अहो, दोघांचं काम एकच. ते एका घरात नांदत न्हाईत.

रुद्रप्पा : आपले पुढारी मोहनराव अन् विजयसिंह एका स्टेजवर बसत न्हाईत, तसं! अशी जुंपली, की पत्रे वाजले. तेलगावपत्तर लाईट गेली. शेजारच्या म्हाळूची म्हैस दावं तोडून पळाली, आजून दूध देईना.

कावेरी : म्हैस राहू द्या. मशीन पुन्हा चालू केल्यावर काय दिसलं?

रुद्रप्पा : काळा पडदा. म्हणतंय, डिस्क सापडंना. आता डिस्क त्याच्याच पोटात, अन् त्यालाच सापडंना! असं कावून व्हावं?

कावेरी : मशीन उठतं तवा त्याच्याजवळ एक लहानशी शिदोरी असती. खरं घर उघडेपर्यंत तिच्यावर भागवायचं. आपल्या दोन डिस्क जोडून एक केल्यात, ती जोडणी उघडायची किल्ली बी शिदोरीतच लागती. ड्रॅकटनं शिदोरी बांधली, किल्ली राहिली.

रुद्रप्पा : म्हणजे जेवणाची पाटी डोक्यावर घेऊन रानात गेलो, अन् तिथल्या आखाड्याच्या खोलीची किल्ली घरी!

कावेरी : अगदी. मग तुमी केलं काय? पेनड्राइव्हवरून उठवलं?

रुद्रप्पा : त्यावरूनच की!

कावेरी : ड्रॅकट काढून जुनं परत टाकलं?

रुद्रप्पा : एकाला हात जोडून वाटं लावलं, दुसऱ्याला मानानं आत घेतलं.

कावेरी : अन् शिदोरी नव्यानं बांधली? किल्लीसकट?

रुद्रप्पा : किल्ली पार वर ठेवली, भाकरीच्या बी वर.

कावेरी : (खाली बसत) म्हणजे… आजीचा आवाज हाय?

रुद्रप्पा : हाय म्हणजे? उठल्या उठल्या बोलाय लागली! तासभर समोर बसून ऐकलं मी.

कावेरी : काय म्हणली?

रुद्रप्पा : म्हणली, बेसन ताकात कालव. कूट टाकताना हात राखू नको. अन् आंबिलीची पहिली वाटी रुद्रप्पाला दे, मग पंगतीला.

कावेरी : कुणाला दे म्हणली?

रुद्रप्पा : रुद्रप्पाला. साफ ऐकू आलं.

कावेरी : खोटं, आज्जा. उखाण्याबिगर आजीनं कधी तुमचं नाव घेतलं होतं? म्हणजे मशीन आजून उठलंच न्हाई. काढा तो टॉवेल. शिदोरी आपण दोघं बांधू.