बसून खाल्ल्याची नोंद

रक्त तपासायला उपाशीपोटी आलेला प्लंबर लॅबच्या बाकावर पोट धरून बसला होता. शेजारी दोघी बहिणी बसल्या होत्या. धाकटीची जीभ मात्र उपाशी नव्हती.

"ताई, तुझा तो आहारवाला नक्की करतो तरी काय?"

"तो नुसता आजार बघत नाही. अख्खा माणूस बघतो. झोप, पचन, राग, सगळं."

"मग एवढं अख्खं बघून सापडलं काय?"

"लोह कमी. बी-बारा कमी. डी तर नावालाच."

"म्हणजे राग तेवढा भरपूर."

"थट्टा पुरे. सहा गोळ्या दिल्यात. शिवाय आठवडाभर वही लिहायला लावली. काय खाल्लं, कधी खाल्लं, कुठे बसून खाल्लं."

"आण इकडे. सोमवार, पोरांच्या ताटातलं उरलेलं, ओट्यापाशी उभ्याने. मंगळवार, पातेल्याच्या तळाचा भात, उभ्याने. बुधवार सकाळ, गार चहा, उभ्याने. ताई, तू बाई आहेस की घोडा?"

"सगळ्यांचं आवरेपर्यंत बसायला फावतं कुठे?"

"का? बुधवारी दुपारी लिहिलंयस की, बसून."

"तेव्हा चक्कर आली होती."

धाकटीने वही मिटली.

तेवढ्यात प्लंबरला आत बोलावलं. बाहेर आला तो एका हाताने कापूस दाबत, मान वाकडी करून फोन खांद्याशी धरून, बायकोला विचारतच.

"काही खाल्लंस का?"

"हो, आत्ताच."

"बसून?"

"अहो, त्यांनी रक्तच काढलं ना? डोक्याला तर नाही ना हात लावला?"