दोन गिटारी आणि एक ठोकळा

आनंदराव : एका रविवारपुरती ताराचंदची गिटार मागून राहिलो, कवडूभाऊ. सोमवारी तुम्ही दुकान उघडायच्या आत आणून ठेवतो. ती न्यायला त्याचा माणूस कन्हानहून दुपारी येणार ना?

कवडू : दुसऱ्याची वस्तू हाये गा ते. दुरुस्तीले आलेली वस्तू म्या आजपावतर कोनाले देली नाही. पेटी असो का सतार असो. अन् हे तं विलायती गिटार.

आनंदराव : वीस वर्षांत काही मागितलं का मी तुम्हाला?

कवडू : तेच तं! तू कधी काई मागत नाहीस, म्हनून नाही म्हनाले जिवावर येऊन राहिलं.

भीमाबाई : अवो, पन भाऊजीले दुसऱ्याची कायले पायजे? त्यायची सोताची हाये ना. तुमीच तं बनवली व्हती त्रेसष्ट साली. माह्या बापानं पारशिवनीहून आनलेलं सागवान लावलं तिले. मले पाट करून देतो म्हने, अन् झाली गिटार.

कवडू : तुह्या पाटाचं वीस वर्षांनी काढू नको वं.

आनंदराव : वहिनी, रविवारी पाच वाजता चंपतराव मास्तरांचा सत्कार आहे. पंच्याहत्तरी. जुन्या ऑर्केस्ट्रातले सगळे येऊन राहिले, अन् स्टेजवर तीन गाणी वाजवायची आहेत. ताराचंदची बोटं आता चालत नाहीत, तो नुसता ऐकायला येणार. म्हणजे मधली खुर्ची रिकामी. मास्तरांनी स्वतः पत्र टाकलं मला. "आनंदराव, या खेपेला तुम्ही मधे बसाल का?" चार ओळींचं पत्र. चार दिवसांपासून खिशात घेऊन फिरून राहिलो.

भीमाबाई : मंग बसा ना मदात! आपली गिटार घेऊन बसा.

आनंदराव : मधे बसलो की पाठीमागे स्पीकर येतो. अन् स्पीकरजवळ आपली कशी बोंबलते ते कवडूभाऊंना विचारा. साऱ्या सत्काराचा विचका होईल.

भीमाबाई : हां! म्हनून का तुमी कडेले बसत व्हते? एकडाव गनपतीत पाह्यलं म्या. सारी मंडळी एकाजागी, अन् तुमी तिकडं पडद्याच्या कोपऱ्यात, एकलेच. मी यायले म्हनलं बी, आपला मानूस तिकडं काहून बसला? हे म्हने, तू गानं आयक.

आनंदराव : बारा वर्षं तिथंच बसलो. गाणं संपलं की मधली मंडळी आपसात काहीतरी बोलून हसायची. मला ऐकू यायचं नाही कशावर हसले. पण मीही हसायचो. लोक पाहतात ना समोरून.

कवडू : हे तू मले कधी सांगितलं नाही.

आनंदराव : तुम्हाला काय सांगायचं? तुम्ही एवढ्या हौसेनं बनवून दिली. ताराचंदची पाहून पाहून, जुळी दिसेल अशी. कार्यक्रमात लोक विचारायचे, यातली फॉरेनची कोणती अन् देशी कोणती? दिसण्यात कोणालाच फरक नाही सापडला कधी.

कवडू : दिसन्याचं सोड. आता दोन्ही एकामागं एक वाजव. माह्यासमोर वाजव. तो अँप्लिफायर लागलेलाच हाये.

आनंदराव : कशाला? निकाल माहीत आहे मला.

कवडू : मले पाहाचं हाये. वाजव तं.

(आनंदरावांनी आधी विलायती गिटार मांडीवर घेतली, मग आपली. एकाच गाण्याच्या त्याच चार ओळी दोन्हींवर वाजवल्या. विलायती पहिल्यापासून शेवटपर्यंत गोल, मऊ, शहाण्या सुनेसारखी मोजकं बोलली. आपलीही तीन ओळी गोडच बोलली. चौथ्या ओळीला मात्र स्पीकरने अशी काही किंकाळी फोडली की भीमाबाईंच्या हातातली बशी थरथरली. बारा वर्षांची सवय, तरी आनंदरावांचे कान लाल झाले.)

भीमाबाई : अगं माय वं! बंद करा, बंद करा!

आनंदराव : झालं समाधान? तीच खुर्ची, तोच स्पीकर, तेच हात. ताराचंदची चूप, अन् माझीच ओरडते. काहून ओरडते ते मला कधीच कळलं नाही.

कवडू : मले कळलं. परवा कळलं.

आनंदराव : काय कळलं?

कवडू : ताराचंदची जीपमदून पडली, पाठ उकलली तिची. म्हनून तं इथं आली. ते पाठ पूर्ण काढली म्या, अन् पुन्हा बसवाच्या आदी आत पाह्यलं. पोट पोकळ नाही गा तिचं. मदोमद लाकडाचा ठोकळा हाये, मानेपासून तं बुडापावतर, सलग. दोन बाजूले पोकळ, मदात भरीव. त्या ठोकळ्यानं तिची छाती हालत नाही. छाती हालत नाही, म्हनून स्पीकरचा आवाज तिच्यात घुमत नाही. अन् घुमत नाही, म्हनून ते ओरडत नाही.

आनंदराव : अन् आपलीत?

कवडू : आपलीत ठोकळा नाही.

आनंदराव : तुम्हाला तेव्हा दिसला नसेल. ताराचंदनं उघडू कुठं दिली होती? दोन तास ठेवली, तेही स्वतः समोर बसून.

कवडू : दिसला व्हता.

आनंदराव : काय?

कवडू : त्या वेलबुट्टीच्या भोकातून ब्याटरी मारली व्हती म्या. आत लाकडाची भिंत दिसली. पूर्ण नाही दिसली, पन दिसली. मले वाटलं, कंपनीवाल्यायनं चोरी केली. वरून पोकळ दाखवून आत भरती टाकली. पेटीवाल्याची अक्कल माही. आमच्यात जेवढं पोट मोठं, तेवढा सूर मोठा. म्या म्हनलं, आनंदरावले असं फसवं काम नाही द्याचं. त्याले पूर्न पोकळ देऊ, विलायतीपेक्षा चांगली देऊ. तुले चांगली द्याच्या नादात तुले कडेले बसवलं म्या. परवापासून घास उतरून नाही राहिला.

भीमाबाई : खरंच जेवले नाहीत हे. मले वाटलं पोट बिघडलं.

आनंदराव : थांबा. थांबा जरा, कवडूभाऊ. म्हणजे गिटारच होती?

कवडू : गिटारच व्हती गा. माहीच चूक.

आनंदराव : दुसरं काही नव्हतं?

कवडू : दुसरं काय राहीन?

आनंदराव : आमच्या इंदोरा वस्तीतली पोरं म्हणायची, आनंद्या, तुला जात पाहून कडेला बसवलं त्यांनी. बौद्धाचा पोरगा मधे कसा चालेल? मी भांडायचो त्यांच्याशी. म्हणायचो, तसं नाही रे, गिटार ओरडते म्हणून. ते म्हणायचे, दुसऱ्याची काहून नाही ओरडत? मलाही वाटायचं, खरंच की. दोन्ही जुळ्या, अन् माझीच कशी काय ओरडते? मग घरी आल्यावर मीच मास्तरांचं एकेक बोलणं आठवत बसायचो. "आनंदराव, जरा तिकडे सरका" म्हणाले, ते कोणत्या सुरात म्हणाले? चहाचा कप मला शेवटी का दिला? बारा वर्षं हेच. शेवटी पंच्याहत्तर साली सोडूनच दिलं. कोणाला कारण सांगितलं नाही. मास्तर दोनदा घरी आले, तर मी आतल्या खोलीत बसून राहिलो अन् बायकोला सांगितलं, कौसल्या, घरात नाहीत म्हण.

भीमाबाई : अरे बाप रे! तुमी मास्तरले खोटं सांगाले लावलं?

आनंदराव : हो वहिनी. अन् आठ वर्षं त्यांच्यावर राग धरला. एक ठोकळा नव्हता म्हणून.

कवडू : मले शिव्या दे गा. मोठ्यानं दे. मोकळा होशीन.

आनंदराव : शिव्या नाही देत. रडू येऊन राहिलं मला, पण तेही धड येत नाही.

भीमाबाई : चहा घ्या आदी. थंडा होऊन राहिला.

कवडू : हे पाय. आज गुरुवार हाये. आताच पाठ काढतो तुह्या गिटारीची. सागवानाचा ठोकळा तयार हाये माह्याजवळ, कालच तासून ठेवला. सरस भरून, पाठ बसवून, सनवारी सांजपावतर वाळते. रविवारी मदात बस. तुह्या आपल्या गिटारीवर बस. मंग तिनं हूं म्हनलं तं मले इचार.

आनंदराव : खरंच? म्हणजे ताराचंदच्यासारखीच होईल?

कवडू : अगदी तशीच.

आनंदराव : मग काढा पाठ. आताच काढा. वहिनी, हा कप धरा. मी... गेली का लाइट?

भीमाबाई : गेली. रोजचं हाये हे. आता दोन तास येत नाही. दार पुरं उघडते, उजेड येईन. तवरोक वाजवा ना काई. ते विलायतीवालीच वाजवा, ते चांगली हाये ना.

आनंदराव : घ्या. येतं का ऐकू?

भीमाबाई : वाजवा तं.

आनंदराव : वाजवूनच राहिलो, वहिनी.

भीमाबाई : हे? एवढुसं? टिचटिच करून राहिली नुसती. इथं उंबऱ्यापावतर नाही आली.

कवडू : तिले करंट पायजे वं. ठोकळ्यावाली हाये ते. करंट नसला तं मुकी.

भीमाबाई : मंग भाऊजीची वाजवा... आता पाहा! सारं दुकान भरलं. अवो, ते भिताडावरच्या सतारीच्या तारा बी बोलून राहिल्या. भाऊजी, तुमी घरी अशीच वाजवता? तुमच्याकडे तं हा डब्बा नाही ना, अँप्लिफायर?

आनंदराव : नाही. तो ऑर्केस्ट्राचा होता. घरी अशीच वाजवतो. ऑफिसातून आलो की पाय धुतो, कुकर लावतो अन् हिला घेऊन बसतो. कौसल्या होती तेव्हा म्हणायची, स्वयंपाकघरातून नीट ऐकू येते, जागचे उठू नका. ती गेल्याला या पोळ्याला तीन वर्षं होतील. आता घरात बोलणारी ही एवढीच आहे... कवडूभाऊ, तुम्ही पटाशी खाली काहून ठेवली?

कवडू : एक गोष्ट सांगाची राहिली गा. ठोकळा टाकला तं ते बी अशीच होईन. टिचटिच. करंटबिगर घरी वाजनार नाही.

आनंदराव : पुन्हा काढता येणार नाही का ठोकळा?

कवडू : सरस धरला की धरला. मंग काढाले गेलं तं पोट फुटते. आता माह्या मनानं काई करत नाही मी. एकडाव माह्या मनानं केलं, अन् पाह्यलं काय झालं ते. तू सांगशीन तसं.

भीमाबाई : बोला ना भाऊजी. काय कराचं मंग?

आनंदराव : विचार करून राहिलो, वहिनी. तीन गाणी म्हणजे पंधरा मिनिटं. त्यानंतर घरीच जायचं आहे. रोजच जायचं आहे.

कवडू : मंग असं कर. हे विलायतीच घेऊन जा रविवारी. नियम माहा व्हता, मीच मोडतो. ताराचंद समोर बसला असला तरी घेऊन जा. मी सांगीन त्याले.

आनंदराव : नको.

कवडू : आताच तं मागत व्हता!

आनंदराव : मघाशी मला हे माहीत नव्हतं. कडेला बसायचं दुःख नव्हतं मला, कवडूभाऊ. काहून बसवलं ते कळत नव्हतं, त्याचं होतं. आज ते कळलं. आता मी माझी घेऊन माझ्या जागेवर बसतो. मास्तरांना अर्धा तास आधी जाऊन भेटतो, सारं सांगतो. दोनदा घरी आले होते तेही सांगतो.

भीमाबाई : पन एकलं वाटनार नाही का हो तिथं?

आनंदराव : वाटेल, वहिनी. खोटं कशाला बोलू? वाटेलच.

कवडू : मी येऊ का रविवारी? दुकान बंद ठेवतो. पन मोठ्या हॉलात कोनी वळखत नाही मले. बसाचं कुठं?

आनंदराव : माझ्याजवळच बसा. कडेला जागा रिकामीच असते.