अहो, पण ठरलं काय?

वहिनी, आणि इथे जमलेल्या सगळ्यांनो,

माझा आवाज चढणार आहे, आधीच सांगते. शोकसभेत हळू बोलावं, हे मला कळतं. तसं बोलायचं ठरवूनच घरातून निघाले होते. दारातून आत आले, खुर्च्या पाहिल्या, आणि ते ठरवणं संपलं.

बघा ना स्वतःकडे. मधे वाट सोडून बसला आहात. डावीकडे विलासची समिती, उजवीकडे फिरोजची. नाव दोन्ही समित्यांचं एकच. खुर्च्या अशा कोणी मांडल्या? कोणीच नाही. तुम्ही येत गेलात आणि त्या तशा भरत गेल्या. आणि समोर, बरोबर मधोमध, दिनकरभाऊंचा फोटो. हयातीतही ते तिथेच बसायचे.

तरी मला आनंद झाला आहे. हो, आनंदच म्हणते. कारखान्याच्या गेटवरच्या त्या सकाळनंतर तुम्ही पहिल्यांदा एका छपराखाली आला आहात. दिल्लीत, भाऊंच्या घरी नाही तर करोल बागेतल्या हॉलमध्ये का असेना, आलात!

जे त्यांना नुसते नावाने ओळखत होते त्यांच्यासाठी सांगते. दिनकर हर्डीकर मुद्रितं तपासायचे. कायमची नोकरी त्यांच्या पत्नीची, आपल्या वहिनींची, केंद्र सरकारात. लक्ष्मीबाई नगरचं क्वार्टरही वहिनींचं. त्या सरकारी क्वार्टरात, सरकारी पंख्याखाली, आपण सरकारच्या नव्या आर्थिक धोरणाविरुद्ध बैठका घ्यायचो. अध्यक्ष भाऊ. चहा वहिनींचा.

आपली पद्धत आठवते? मतदान नाही. "हात मोजले की कोणीतरी हरतं, नलिनी," मला म्हणायचे. सगळ्यांनी बोलायचं, शेवटी भाऊंनी समारोप करायचा, आणि समारोपानंतर चर्चा बंद. थेट चहा. आणि काय समारोप असायचा तो! विलासला वाटायचं, भाऊ माझंच बोलले. फिरोजला वाटायचं, माझं. मला वाटायचं, चला, माझंही आलं. तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून, हातात ट्रे घेऊन, वहिनी विचारायच्या, "अहो, पण ठरलं काय?"

आपण हसायचो. दर वेळी हसायचो. उत्तर कोणी दिलं का कधी?

मग नोएडा आलं. शेतं उठली, सेक्टर आले, परदेशी दुकानांचे शर्ट तिथे शिवले जाऊ लागले. एका कारखान्यात जादा वेळ थांबायला नकार दिला म्हणून काही बायकांना काढून टाकलं. बाकीच्या आपल्याकडे आल्या. गेटवर जायच्या आदल्या दिवशी बैठक झाली. विलास म्हणाला, "उद्या एकीनेही आत पाऊल टाकायचं नाही. संप." फिरोज म्हणाला, "यार, बाहेर बसलो तर परवा दुसऱ्या बायका मशीनवर बसतील. आधी आत जाऊन बोलू." विलास म्हणाला, "तू मालकाचा जावई आहेस का?" फिरोज म्हणाला, "आणि तू कधी मशीनवर बसलायस का?"

आणि भाऊंनी समारोप केला. "लढा तीव्र करायचा, आणि बोलणीही थांबवायची नाहीत."

टाळ्या! दोन्हीकडून टाळ्या! वहिनींनी विचारलं, ठरलं काय. आपण बिस्किटं घेतली.

सकाळी गेटवर विलास ओरडतोय, "बाहर रुको!" फिरोज ओरडतोय, "अंदर चलो!" दोघंही भाऊंच्या नावाने. अर्ध्या बायका आत गेल्या, अर्ध्या बाहेर थांबल्या. मॅनेजरला पोलीस लागले नाहीत. गुंड लागले नाहीत. त्याने चौकीदाराला सांगितलं, गेट बंद कर. बस. आतल्यांकडून माफी लिहून घेतली, मगच सोडलं. बाहेरच्यांना परत कधीच आत घेतलं नाही.

भाऊ बस बदलत उशिरा पोचले. शेंगदाण्याच्या गाडीपाशी उभे राहिले. तुम्ही दोघंही धावत गेलात. "भाऊ, सांगा याला तुम्ही काय ठरवलं होतं!" ते म्हणाले, "तुम्ही दोघंही माझेच आहात."

विलास, तू रडलास. फिरोज, तू शिवी दिलीस. आपल्यातलंच कोणीतरी म्हणालं, पानिपत इथून जवळच आहे, आपल्याला सवय आहे. मला तेव्हाही हसू आलं नव्हतं.

त्या दिवसापासून दोन समित्या. दोघांनी एकमेकांना दोष दिला. भाऊंना कोणीच दिला नाही. कसा देणार? ते आपल्याच बाजूचे आहेत, याची दोघांनाही खात्री होती!

ते चांगले होते का? फार चांगले होते. फिरोज, तुझी आई आजारी होती तेव्हा हॉस्पिटलच्या रांगेत कोण उभं होतं? विलास, तुझ्या सासऱ्यांना लग्नासाठी कोणी राजी केलं? पण पुढारी म्हणून ते कच्चे होते. मी हे त्यांच्या फोटोसमोर बोलते आहे, वहिनींसमोर बोलते आहे. वहिनी मान हलवतायत. पाहिलंत?

शेवटच्या आजारात मी त्यांना विचारलं, "भाऊ, त्या दिवशी तुम्ही खरे कोणाच्या बाजूला होतात?" म्हणाले, "कोणाच्याच नाही गं. बैठकीतून कोणी उठून जाऊ नये, एवढंच वाटत होतं." आणि म्हणाले, "गेलेच की सगळे."

आता ऐका. फिरोज, खुर्ची सरकवू नकोस, ऐक. त्याच गेटवर उद्या सकाळी बायका पुन्हा उभ्या राहणार आहेत. पुन्हा काहींना काढलंय. शकुंतला, त्या दिवशी जी बाहेर राहिली आणि आता शेजारच्या कारखान्यात आहे, तिचा निरोप आलाय. "आइए ज़रूर. पर एक बात लेकर आइए. दो लानी हों तो मत आइए."

मतं अजून तीच आहेत, मला माहीत आहे. संप, की बोलणी. मलाही माझं मत आहे, आणि ते मी आत्ता सांगणार नाही. कारण आज आपण जे कधी केलं नाही ते करणार आहोत. श्रद्धांजली झाली की याच हॉलमध्ये मतदान. हात मोजायचे. कोणीतरी हरेल. हरू दे! भाऊ आयुष्यभर ज्याला घाबरले, ते आज त्यांच्यासमोर होऊ दे.

पण आधी एक गोष्ट कबूल करा. जो हरेल तो उद्या गेटवर जिंकणाऱ्याच्या मागे उभा राहील. त्याचा फलक धरेल. त्याचीच घोषणा देईल, आणि मोठ्याने देईल. हे ज्यांना कबूल आहे त्यांनी उभं राहा आणि हात वर करा.

विलास, फिरोजकडे बघू नकोस. फिरोज, तूही नको. एकमेकांची वाट बघत बसाल तर भाऊच समारोप करतील.

हां. एक हात गेला वर. आणि तो दुसरा. मागच्या रांगेतलेही. बिल्कुल!

खाली घेऊ नका. हात वर ठेवूनच आपण त्यांच्यासाठी शांत उभे राहू. हात दुखेपर्यंत.

वहिनी, जरा मागे वळून बघा.

ठरलं.