काळ्या गिटारवरचा धुरकट पट्टा

नाही, तुम्हीच सांगा, सकाळी आरशासारखी लख्ख पुसून ठेवलेली वस्तू, संध्याकाळी तिच्यावर डाग काय आपोआप उगवतो? खोलीचं दार बंद, खिडकी बंद, घरात माणसं मोजून तीन, आणि डाग! मी कुणावर संशय घेत नाही हां, माझा तो स्वभावच नाही. पण डागाला काय पाय असतात?

वस्तू म्हणजे दादाची गिटार. इलेक्ट्रिक. काळी कुळकुळीत, इतकी चकचकीत की तिच्यात बघून दाढी करावी. दादाला जाऊन चार महिने झाले. ताप आला, आठ दिवस राहिला, आणि… जाऊ दे. ते मला सांगता येत नाही. गिटारचं सांगतो.

तर गिटारला वरच्या कडेशी, जिथे दादाचा उजवा हात टेकायचा ना, तिथे एक धुरकट पट्टा आहे. हाताएवढा. अकरा वर्षं घाम मुरून चमक गेलेली. बाकी गिटारवर धूळ बसली होती, ती मला बघवेना. घेतली पाठीवर आणि गेलो वाद्यं दुरुस्त करणाऱ्या मास्तरांकडे. मास्तरांनी चष्मा कपाळावर चढवला, तोंड जवळ नेलं आणि गिटारवर ‘हाऽऽ’ करून वाफ सोडली. म्हटलं, हे काय, नजर काढताय का? तर म्हणतात, “वाफेनं ओल धरते, बोटांचे ठसे वर येतात. मग मऊ फडक्यानं पुसायचं. बस्स. ह्या पट्ट्याची चमक मात्र घासून परत आणावी लागेल. दोन दिवस ठेवून जा.”

दोन दिवस! कशाला दोन दिवस? आणि चमक आणा म्हणून सांगितलं कुणी? माझ्या दादाचा हात आहे तो! मी कुणावर संशय घेत नाही, पण ‘ठेवून जा’ ह्या शब्दांवर माझा विश्वास नाही. दवाखान्यातपण असंच म्हणाले होते. मी गिटार उचलली आणि म्हटलं, “मी स्वतःच करीन. गाड्या धुवायचा, पॉलिश करायचाच धंदा आहे माझा.” मास्तर ओरडले, “गाडीचं पॉलिश गाडीलाच लाव! गिटारच्या ह्या लॅकरच्या नाजूक थराला लावलंस तर तुझे हात मोडीन!” बघा, किती आपुलकी.

तेव्हापासून रोज सकाळी कामाला जायच्या आधी माझा नेम. दादाचा जुना बनियन, धुऊन धुऊन लोण्यासारखा मऊ झालेला, त्याचं फडकं. ‘हाऽऽ’ करायचं, पुसायचं, ‘हाऽऽ’ करायचं, पुसायचं, पट्ट्याच्या कडेकडेनं वळसा घालून. पट्ट्याला धक्का लावायचा नाही. आणि संध्याकाळी येऊन बघतो तर पट्ट्याला लागून नवा डाग! ओलसर, ताजा, हाताएवढा. म्हणजे कुणीतरी माझ्या दादाच्या जागी हात टेकवतंय. रोज! टेकवून टेकवून दादाचा पट्टा झाकून टाकणार, आणि मग मला कळणार कसं, दादा कुठे संपतो आणि दुसरं कोण सुरू होतं?

मी कुणावर संशय घेत नाही, पण पहिला आठवला तो ढोल्या. दादाबरोबर ड्रम वाजवायचा. आठवड्यातनं तीनदा घरी येतो आणि दारातूनच म्हणतो, “काकूंना बघायला आलो रे…” काकूंना बघायला येतोस तर नजर आतल्या खोलीकडे का? मी त्याला आमच्या धुलाई केंद्रावर बोलावला. एक काळी गाडी नुकतीच पॉलिश केलेली. म्हटलं, “ढोल्या, हात टेकव बोनेटवर.” “का रे?” “टेकव म्हटलं ना!” बिचाऱ्यानं टेकवला. मी खाली वाकून ‘हाऽऽ’ केलं, ठसा बघितला, मापायला दोरी काढली… तेवढ्यात मागनं आवाज, “काय चाललंय माझ्या गाडीवर?” गाडीचा मालक! आणि ढोल्या रडवेला होऊन म्हणतो, “अरे, मी डावखुरा आहे, विसरलास? मी ती उलटी धरणार, माझा डाग खालच्या कडेला पडेल.” खरंच की! ढोल्या सुटला. गाडी मला दुसऱ्यांदा धुवावी लागली.

मग आईला विचारलं. आई म्हणाली, “मी त्या खोलीत पाय ठेवत नाही. मला बघवत नाही ते.” झालं. राहिले बाबा. बाबांवर तर संशय घ्यायचा प्रश्नच नाही! गिटार घरात आली त्या दिवसापासून बाबांचं एकच पालुपद, “तो बाजा माझ्या डोळ्यांसमोर नको. मी त्याच्याकडे बघणारसुद्धा नाही.” अकरा वर्षं! दादा वाजवायला बसला की हे पेपर तोंडापुढे धरायचे. एकदा तर उलटा धरला होता.

म्हटलं, आता स्वतःच पहारा ठेवायचा. काल धुलाई केंद्राच्या मालकाला सांगितलं, पोटात दुखतंय, आणि भर दुपारी घरी येऊन दादाच्या पलंगाखाली शिरलो. खाली ही धूळ! आणि दादाची एक चप्पल. एकच. तिच्याकडे बघत पडलो होतो, तर दार वाजलं. पाय आले. ते पाय मी ओळखतो हो, जन्मापासून त्यांना घाबरतोय.

बाबा!

आतून कडी लावली. गिटार उचलली, स्टुलावर बसले, आणि एक पाय दुमडून दुसऱ्याखाली घेतला. तुम्हाला सांगतो, दादा अस्साच बसायचा! हुबेहूब! ज्या माणसानं अकरा वर्षं तिकडे बघितलं नाही, त्याला दादा कुठला पाय दुमडायचा हे कसं ठाऊक? मग बाबांनी उजवा हात हळूच त्या पट्ट्यावर टेकवला. तारेला बोट नाही, काही नाही. नुसता हात ठेवून बसले.

आणि मला शिंक आली.

“कोण आहे खाली?”

“मी.”

“काय करतोस?”

“झाडतोय.”

“केरसुणी कुठाय?”

“…तुम्ही काय करताय?”

“पुसतोय.”

“फडकं कुठाय?”

मग बाबा एकदम भडकले, “रोज घासणारा तूच ना? पट्टा बघ केवढा होता आणि केवढा राहिलाय! तुझ्यासारख्याला काय, सगळं चकाचक पाहिजे! मी म्हटलं, पोरगं विकायला काढतंय. म्हणून रोज येऊन बघतोय, आज आणखी किती गेला!”

मी बाहेर आलो, बघितलं. खरंच. कडेकडेनं वळसा घालत घालत बोटभर पट्टा मीच खाल्ला होता. ह्या हातांनी. जगावर पहारा ठेवला आणि चोर पहाऱ्यावरच बसलेला. मला तिथेच रडू फुटलं. बाबा म्हणाले, “वाफ लागेल, लांब रड.” आणि मग स्वतःच माझ्याजवळ आले.

आता घरात कायदा झालाय. पट्ट्याजवळ फडकं न्यायचं नाही. बाबांनी दुपारी हात टेकवायचा, पण मापात, दादाच्या जागेबाहेर नाही. बाकीची गिटार मी पुसायची. म्हणून आज सकाळी फडकं घ्यायला गेलो, तर फडकं गायब! खुंटीवर नाही, कपाटात नाही. आईला विचारलं, तर ती म्हणाली, “मला काय माहीत?” आणि उशी जरा अलीकडे ओढून घेतली. उशीखालून बनियनचं एक टोक बाहेर आलेलं.

मी कुणावर संशय घेत नाही. तसाच खोलीत गेलो आणि नुसत्या हातानं धूळ पुसली… आणि वाफ सोडून बघितली, तर सगळीकडे माझीच बोटं.