कावळ्याला कबूल केलेला कप

गिरधर: ...पुन्हा जमीनच खणली, मास्तर. चेंडू जागचा हलला नाही. गोल्फ खेळून राह्यले का बटाटे काढून राह्यले?

वामन: दिसतंय मला.

गिरधर: पार त्या बाभळीपासून इथवर दोन टोल्यांत आणता. मिलचे साहेब लोकही आणत नव्हते. आन् होल असा समोर आला, की तुमचे हात लटपटतात. ह्याला काय म्हनावं?

लीला: गिरधर, मला जरा नीट सांगा. हे काळं गोल म्हणजे काय?

गिरधर: हा ब्राऊन, वहिनीबाई. विलायतेत इथं बारीक हिरवं गवत असतं म्हने. आपल्याकडच्या उन्हात कुठलं टिकतं? साहेब लोकांनी वाळूत जळकं तेल कालवलं आन् दाबून टाकलं. मधी खड्डा, त्याच्यात झेंडी. चेंडू आत पडला की काम खतम.

लीला: आणि भाऊजींना एवढ्या जवळून तो आत घालता येत नाही.

गिरधर: जवळूनच येत नाही. लांबचं सगळं येतं.

वामन: वहिनी, तुम्ही नदी ओलांडून इथं आलात, माईंना काय सांगितलंत?

लीला: जैनाबादला गिरधरची बायको तापानं पडलीय, पेज देऊन येते म्हटलं.

गिरधर: भागाबाई? ती तर सकाळपासून केळीचे घड उतरवते आहे.

लीला: मग पेज तुम्ही प्या. डब्यात आहे.

वामन: माईंना कळलं तर?

लीला: कळू दे. परवा रविवार. सोमवारी मला जबलपूरची गाडी धरायची आहे. मंगळवारी शिक्षिकेच्या ट्रेनिंगला हजर झाले नाही, तर माझी जागा दुसरीला देणार. आणि माईंचं एकच, कप घरात आल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही. म्हणतात, माझ्या गेलेल्या अरविंदचा जीव त्या कपात घुटमळतोय, सून निघून गेली तर त्यानं जायचं कुठं? म्हणून म्हटलं, आपलं सगळं ज्यांच्या हातावर आहे, ते हात एकदा बघून तरी यावेत.

वामन: घाटावर मी काही ठरवून बोललो नव्हतो.

लीला: ठाऊक आहे मला. मी तिथंच होते.

गिरधर: मीही होतो की राजघाटावर. दहाव्याचा पिंड ठेवला आन् कावळा शिवेना. ऊन डोक्यावर आलं, भटजी घामानं भिजले. माई म्हनाल्या, सुनेला लेकीवानी सांभाळीन. कावळा ढिम्म.

लीला: त्याला खरंखोटं कळत होतं.

गिरधर: मग मास्तर बोलले, दादा, तुझा राह्यलेला कप मी घरी आणतो. शब्द तोंडातून निघाला आन् कावळा खाली. सगळ्या बिरादरीनं देखलं. आता त्याला काय करता?

वामन: दुसरं सुचलंच नाही मला. शेवटच्या तापातसुद्धा तो तेच बडबडत होता. मोतीलालजींशी बरोबरी झालीय, अंधार पडला म्हणून एक होल राहिलाय, वामन, माझ्या काठ्या पुसून ठेव. मी पुसून ठेवल्या.

लीला: मोतीलालजी म्हणजे ते दिवाण?

वामन: होते दिवाण. त्यांचं संस्थान विलीन झालं, आता मिलमध्ये मॅनेजर आहेत. सज्जन माणूस. कप स्वतःच ठेवून घेतला असता, तर कोण विचारणार होतं? पण स्वतःहून म्हणाले, भावाच्या जागी तुम्ही तो होल खेळा. मात्र रविवारीच. पुढच्या आठवड्यात इथं निर्वासितांच्या घरांसाठी खुंट्या ठोकणार आहेत.

गिरधर: म्हनून मी सांगून राह्यलो, वहिनीबाई, ही घ्या म्हनतो. ही चिपर. मिलचे जुने साहेब जाताना मला देऊन गेले. बाकी काठ्या दहा कामाच्या, ही एकाच कामाची. दांडी तोकडी, तोंड थोडंसंच उताणं. हात फिरवायचे नाहीत, मनगट मोडायचं नाही. अंगणात खराटा मारता तसं ढकलायचं. चेंडू जरासा उडतो आन् मग सरळ घरंगळत जातो.

लीला: एवढं सोपं आहे, तर सगळेच का घेत नाहीत?

गिरधर: ज्याचे हात चालतात त्याला काय गरज? दादासाहेब हसायचे हिला. म्हनायचे, गिरधर, ही म्हाताऱ्यांची काठी, जाळून पाणी तापव. पन ज्याचे हात इथं येऊन घाबरतात, त्याला ही बरी. साहेबांचे घाबरायचे. हिच्यावर निभावलं त्यांचं.

वामन: हिनं हात सुधारत नाहीत, गिरधर. नुसती लाज झाकली जाते.

गिरधर: झाकली तर झाकली. रविवारी तेवढंच पाहिजे ना?

लीला: भाऊजी, हिनं एकदा मारून दाखवा.

वामन: कशाला?

लीला: मी नदी ओलांडून आलेय म्हणून.

गिरधर: हं. मागचा पाय हलवू नका. अस्सं. बघा, झेंडीपाशी जाऊन थांबला. अजून एक. ...हा तर आतच गेला, वहिनीबाई.

लीला: मग अडलंय कुठं?

गिरधर: तेच तर मला समजत नाही. आठवडाभर हेच. चिपरनं बरोबर जातो. आन् मी पाठ फिरवली, की परत दादासाहेबांची ती काठी, निब्लिक, काढतात आन् जमीन खणत बसतात.

लीला: गिरधर, जरा घाटावर जाऊन बघता, नाव आहे का परतीची? आणि ती पेज खरंच पिऊन घ्या.

गिरधर: जातो. तुमीच समजवा त्यांना.

लीला: बोला आता.

वामन: काय बोलू?

लीला: मी जाऊ नये असं तुम्हाला वाटतं का? माईंसारखं?

वामन: नाही, वहिनी. शप्पथ. तुमचा अर्ज मीच लिहिला होता ना.

लीला: मग ती काठी हातात का घेता, जिनं जमत नाही?

वामन: सांगितलं तर वेड लागलं म्हणाल.

लीला: त्या घरात चार महिने मी आरशाशी बोलतेय. सांगा.

वामन: निब्लिक घेतली की दादा येतो.

लीला: म्हणजे?

वामन: मागं येऊन उभा राहतो. त्याच्या तंबाखूचा वास येतो आधी. मग माझं मनगट धरतो, लहानपणी पाटीवर अक्षरं गिरवताना धरायचा तसं. शिकवायलाच येतो तो. पण धरलं की सोडत नाही. म्हणून चेंडू जात नाही. लांब असतो तोवर काही नाही. इथं, या तेलाच्या वाळूपाशी आलं की येतो.

लीला: आणि ही चिपर घेतली की?

वामन: कोणी नाही. नुसतं मैदान. वहिनी, अशा का बघता? रागावलात?

लीला: हो. रागावले. त्यांचा सदरा उशाशी घेऊन झोपते मी. दिवा लावते, नाव घेते. एकदा, भाऊजी, एकदासुद्धा स्वप्नात नाही आले. मला वाटायचं माझंच काहीतरी चुकलं. आणि ते रोज इथं उन्हात येतात, तुम्हाला काठी धरायला शिकवायला.

वामन: मी बोलावत नाही त्याला.

लीला: सोडवतही नाही. काही बोलतात का?

वामन: नाही.

लीला: माझ्याबद्दल?

वामन: काहीच नाही, वहिनी. नुसता उभा असतो.

लीला: म्हणजे रविवारी तुम्ही चिपर घेतलीत तर मी सुटते, आणि ते जातात. निब्लिक घेतलीत तर ते राहतात, आणि मीही राहते.

वामन: मैदानच राहणार नाही. मग तो कुठं येईल, ही एक भीती. आणि मी स्वतःच्या हातानं त्याला घालवलं, ही दुसरी.

लीला: मी तुम्हाला ही घ्या, ती घ्या, म्हणणार नाही. तुमचा सख्खा भाऊ आहे. पण ऐकून ठेवा. त्या घरात राहिले तर मी जन्मभर त्यांची वाट बघेन. आणि ते येणार तुमच्याकडं. मला नाही जमायचं ते. मी म्हातारी होईन, आणि तुमचा दुस्वास करीन.

गिरधर: नाव लागलीय, वहिनीबाई. चला, उन्हं उतरली.

(रविवार, दुपार कललेली. त्याच ब्राऊनच्या कडेला वामन उभा आहे, थोडं मागं लीला आणि गिरधर. समोर मोतीलालजी आपला चेंडू खड्ड्यातून काढून बाजूला झाले आहेत.)

गिरधर: मोतीलालजींचा एक टोला वाया गेला, मास्तर. हा आता एकाच टोल्यात आत, तर कप आपला. नाही तर बरोबरी, आन् कप मिलच्या कपाटात. कुठली देऊ?

वामन: माई आल्या नाहीत, वहिनी?

लीला: मला म्हणाल्या, तू डोळ्यांनी बघ आणि येऊन खरं ते सांग.

गिरधर: मास्तर, वाट बघून राह्यले ते. कुठली?

वामन: निब्लिक दे. ...नाही. थांब. राहू दे तुझ्याचजवळ, घट्ट धर तिला. चिपर दे.

गिरधर: घ्या. खराटा मारल्यावानी. घाई नको. ...चालला. चालला सरळ. ...पडला. वहिनीबाई, आत पडला. मोतीलालजी, देखलं ना आपन? मी कप घेऊन येतो, मास्तर. मीच आणनार.

लीला: भाऊजी, खाली बसा. रंग उडालाय तुमचा.

वामन: मारल्यावर मी वळून बघितलं. तुम्ही होतात आणि गिरधर होता.

लीला: मीही बघत होते. तुमच्या मागं, सारखी. मला काय दिसणार होतं? तरी बघत होते.

वामन: त्याला वाईट वाटलं असेल.

लीला: वाटलं असेल तर माझ्यामुळं. तुमच्यामुळं नाही.

वामन: मोकळं वाटेल असं वाटलं होतं. तसं काही वाटत नाही.

लीला: नाही वाटणार. मला तरी कुठं वाटतंय?

वामन: तुम्ही जा मात्र. आता थांबू नका. ट्रंक भरलीत?

लीला: काल रात्रीच भरली. तुम्ही कुठली काठी घ्याल ते कळायच्या आधी.

वामन: उद्या स्टेशनवर पोचवायला येतो मी.

लीला: नको. गिरधर येईल.

वामन: घरात दीर असताना गिरधर? लोक काय म्हणतील?

लीला: म्हणू देत.

वामन: माझा राग गेला नाही अजून?

लीला: राग नाही, भाऊजी. तुम्ही पुढं ट्रंक घेऊन चालणार आणि मी मागून. पाठमोरे तुम्ही अगदी त्यांच्यासारखे दिसता. चार महिने तुम्हाला वाढताना मी मान वर केली नाही, ती त्यासाठी. उद्या मला गाडीत बसायचं आहे.