उत्तम दर्जाचं दुर्लक्ष

लक्ष होतं हो माझं, हेच तर कधीचा सांगतोय, पण ऐकतंय कोण... आता दातांच्या डॉक्टरांचा पांढरा कोट, त्याच्या बाह्या अर्ध्या की पूर्ण, हा काय संसारात वादळ उठवायचा विषय आहे का, तुम्हीच सांगा. मी शिंपी माणूस. पुढच्या खोलीत दुकान, मागच्या खोलीत घर, मधे पडदा. पडद्यापलीकडे बायको काजं करते आणि बोलते, अलीकडे मी मशीन चालवतो आणि 'हं' म्हणतो. वर्षानुवर्षं छान चाललं होतं. तर ती म्हणे एकदा पलीकडून म्हणाली, "अहो, डॉक्टरांना अर्ध्या बाह्या हव्यात, हात धुताना भिजतात." मी 'हं' म्हणालो. तेही मान्य. आणि पूर्ण बाह्या शिवल्या. चांगल्या शिवल्या, कफाला दोन-दोन बटणं.

"तुम्ही हं म्हणालात," ती म्हणाली.

"म्हणजे लक्ष होतं माझं."

"मग बाह्या?"

आता 'हं' हे तोंडाचं काम, बाह्या हाताचं, दोघांची गाठ पडली तर पडली. तर ती म्हणते, "कानात दोष असेल तर औषध आणू. डोक्यात असेल तर सांभाळून घेऊ. पण दोष काहीच नाही निघाला, तर मला कळेल काय ते. मग मी बोलायचीच नाही." आणि हे इतकं शांतपणे, सुईत दोरा ओवता ओवता. भांडली असती तर परवडलं असतं.

त्यात विद्यापीठातल्या एक संशोधक बाई पॅन्टची चेन बदलायला आल्या. त्यांचं संशोधनच लक्षावर, म्हणजे माणसाचं लक्ष कुठे जातं आणि मेंदू ते कसा वळवतो. त्यांना तपासायला माणसं हवी होती, बायकोला निकाल हवा होता, मला कोणी विचारलंच नाही. मी आपला मनात देवाला विनवत होतो, काहीतरी दोष निघू दे रे बाबा. मोठा नको. बेताचा.

तिथे गेलो तर डोक्यावर ही वायरींची टोपी, माप न घेताच शिवलेली, कपाळावर चुण्या पडत होत्या. बाई म्हणाल्या, "उजव्या कानात एक गृहस्थ पूल कसा बांधतात ते सांगतील, ते जसंच्या तसं म्हणत राहायचं. डाव्या कानात ओळखीचा आवाज येईल, त्याच्याकडे दुर्लक्ष करायचं. जमेल ना?"

ओळखीचा आवाज कोणाचा, हे सांगायला नकोच. आदल्या दिवशी तिला बोलावून वाक्यं वाचून घेतली होती. म्हटलं, बघतो प्रयत्न करून.

आता गंमत ऐका. वाक्यांच्या आधी माझं नाव लिहिलेलं होतं, कारण शास्त्र असं की माणूस कितीही गुंतलेला असो, स्वतःचं नाव ऐकून त्याचा मेंदू जागा होऊ शकतो. पण आमच्या हिने या जन्मात कधी माझं नाव घेतलंय? काही ठिकाणी अडखळत घेतलं, बाकी ठिकाणी सवयीने सरळ 'अहो'.

निकालाला ही शेजारी उभी. बाईंनी टोपीने टिपलेली माझ्या मेंदूची रेघ दाखवली. "हे बघा, इथे तुमचं नाव." रेघ आडवी, गाढ झोपलेली. "आणि इथे 'अहो'." रेघ ताडकन उभी. बायकोच्या चेहऱ्यावर, तुम्हाला सांगतो, हसू नाही, पण हसण्याच्या आसपासचं काहीतरी आलं. म्हटलं बघ, लक्ष होतं माझं... तेवढ्यात बाईंनी बोट पुढे सरकवलं. "आणि हे 'अहो'च्या पुढचं सगळं." पट्टी ठेवून आखल्यासारखं सपाट.

"म्हणजे दोष?" मी आशेने विचारलं.

"अजिबात नाही. मेंदूला सगळं ऐकणं झेपत नाही, एकाकडे लक्ष द्यायचं तर बाकीचं दाबावं लागतं. तुमचा हाक ओळखतो आणि पुढचं बाहेरच ठेवतो. उत्तम दर्जाचं दुर्लक्ष आहे. आम्हाला असं क्वचित मिळतं."

"ऐकलंत?" बायको म्हणाली.

"हं," मी म्हणालो.

तिने शब्द पाळला. काजं होतात, चहा येतो, आवाज नाही. आणि आता मला सगळं ऐकू यायला लागलं बघा, पलीकडे दोरा तोडला तरी कळतं. मशीन थांबवून बसतो, न जाणो हाक आली आणि चुकली तर... गिऱ्हाईक माप सांगतं ते कानात शिरत नाही, सगळं लक्ष पडद्याकडे. एवढं लक्ष मी आयुष्यात कशाला दिलं नाही, तर ते मोजायला टोपी नाही. करमत नाही हो मला, सरळच सांगतो.

आणि आज सकाळी पडद्याआडून आली. "अहो..."

जीव भांड्यात पडला माझा. डोळ्यांत पाणी आलं. म्हटलं गेला राग, आता परत सगळं पहिल्यासारखं, परत ती बोलणार, परत मी... आणि ती बोलतच होती, बरंच बोलली, मधे एकदा 'नीट ऐका' असंही म्हणाली बहुतेक, आणि मी आपला तो 'अहो' मनात घोळवत बसलेलो. मग ती थांबली. "कळलं ना?"

मी 'हं' म्हणालो.

ती गेलीय बाजारात. माझ्यापुढे डॉक्टरांच्या दुसऱ्या कोटाचं कापड आहे, हातात कात्री आहे, आणि ती जे बोलली ते बाह्यांचंच असावं असा एक अंदाज आहे. लक्ष होतं हो माझं. फक्त ते 'अहो'वरच राहिलं.